नदीपलीकडे, सहा नंबरच्या आईकडे

भवानी पेठ

ब्रह्मदेशातून परत आल्याला आता दोन महिने होतील. सोलापुरात, आमच्या पेठेत भेटेल तो विचारतो, तिथं खातात काय, सोनं स्वस्त आहे का, आणि "मास्तर, एकदा नोकरी करून आलाव की, मग पुन्यांदा कशाला गेलाव?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देतो. तिसऱ्याचं उत्तर द्यायला हे लिहितो आहे. जिच्याकडे गेलो होतो तिनं लिहायची परवानगी दिली आहे. नावं मात्र बदलली आहेत, आणि तिच्या गावाचं नाव लिहीत नाही.

मी शाळेतला मास्तर नव्हे. यंत्रमागाच्या कारखान्यात माग लावणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा आणि तयार माल तपासणारा जो असतो त्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. घरात आम्ही कानडी बोलतो, शाळा मराठीत झाली आणि माग शिकलो तो तेलुगू बोलणाऱ्या विणकरांकडे. माझ्या कामाचे सगळे शब्द तेलुगू आहेत. पुढे तेच उपयोगी पडले.

ज्या कारखान्यात मी शिकलो तिथं एक रीत होती. तागा संपत आला की विणकर आपल्या रंगाचे चार आडवे धागे टाकायचा. प्रत्येक मागाचा रंग ठरलेला. तपासणीच्या टेबलावर कुठं दोष दिसला की मास्तर कापड उलटं करून शेवट बघायचा आणि तिथूनच ओरडायचा, "ए तीन नंबर, इकडं ये. हे काय करून ठेवलंस?" एकाचं बोलणं दुसऱ्याला बसत नसे. मला ही रीत फार न्यायाची वाटायची. काही वर्षांपूर्वी यांगून शहराबाहेरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात दोन वर्षांसाठी नोकरीला गेलो, तेव्हा मी ती तिथंही चालू केली. तिथल्या पोरापोरींना गंमत वाटली. आपापले रंग निवडताना त्यांनी भांडणंसुद्धा केली.

सहा नंबरवर मिन थू होता. वय तेवीस-चोवीस. त्यानं पोपटी रंग मागून घेतला.

माझी दुसऱ्या वर्षाची नोकरी चालू असताना सैन्यानं राज्य हातात घेतलं. रस्त्यांवर मोर्चे निघू लागले. संध्याकाळी आठ वाजले की घराघरांतून भांडी वाजायची. रोगाच्या साथीत आपल्याकडे थाळ्या वाजल्या होत्या तसाच आवाज, पण इथं तो घरात शिरलेला सैतान हाकलायला होता. एके सकाळी मॅनेजरबरोबर साध्या कपड्यांतले दोघं आले. त्यांनी माझ्या टेबलावर लाल कापडाची घडी ठेवली. मॅनेजर म्हणाला, "हे कुणाचं?"

मला वाटलं, गिऱ्हाइकाची तक्रार आहे. माझे हात आपोआप पुढं गेले. कापड उलटं केलं, शेवट बघितला. चार पोपटी धागे.

"छाउ," मी म्हणालो. ब्रह्मी आकडे मला येत होते. छाउ म्हणजे सहा.

मग त्यांनी घडी उलगडली. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं अक्षरं रंगवलेली होती. मोर्चात धरलेला फलक होता तो. त्या क्षणी मला 'चुकलो' म्हणता आलं असतं. रंग नीट दिसला नाही, म्हणता आलं असतं. मी चष्मा पुसत बसलो. ते सहा नंबरकडे गेले आणि मिन थूला घेऊन बाहेर पडले.

तिसऱ्या दिवशी त्याची आई कारखान्याच्या दारात येऊन बसली. मॅनेजरनं तिला सांगितलं, तो पोरगा त्या दिवशी कामाला आलाच नव्हता. ती तीन दिवस हलली नाही. आम्हाला राहत्या जागी नेणारी बस तिच्या शेजारून जायची आणि बसच्या खिडक्यांना पडदे होते. आठवड्याभरात मी सोलापूरला परत आलो.

हे मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. शेवटी बायकोला सांगितलं. सुमन मोडनिंबची आहे, बोलायला सरळ. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग मला सांगून काय हुणार हाय? तिला सांगा की."

"लई लांब आहे गं."

"तवा गेलाव तवा लांब नव्हतं व्हय?"

यांगून

मागांचे सुटे भाग विकणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं कागद करून दिले आणि पौष महिन्यात मी पुन्हा त्या शहरात उतरलो.

सकाळी तिथं धुकं असतं. धुक्यात सोन्याचा मुलामा दिलेले स्तूप नुसते उजेडासारखे दिसतात, जमिनीला टेकलेले वाटत नाहीत. बायका-पुरुष लुंग्या नेसून, गालांना चंदनासारखा पिवळसर लेप लावून हळूहळू चालत असतात. कुणी घाईत नसतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. वीज कधीही जाते. मग दुकानादुकानांपुढचे जनरेटर घुमू लागतात आणि तो आवाज ऐकून मला वाटायचं की कुठंतरी शंभर माग चालू आहेत, आपण फक्त दार शोधायचं आहे. मी माझंच जुनं स्वप्न पुन्हा बघत फिरतो आहे असं पहिले दोन दिवस वाटत राहिलं. रस्ते ओळखीचे होते. आमच्या कारखान्याच्या जागी मात्र गवत होतं आणि दाराला गंजलेली साखळी.

पूर्वी त्या दाराशी चहा विकायचा तो अप्पय्या, मी आधी कळवलं होतं म्हणून, मला घ्यायला आला. वय सत्तरीच्या पुढं. त्याचे आजोबा आंध्रातून इथं बंदरावर मजुरीला आले, तेव्हापासून घर इथलं झालं. त्याचं एक ब्रह्मी नावही आहे, पण तेलुगू त्यानं सोडलेली नाही. ती ऐकताना मला आमच्या पेठेतले जुने विणकर आठवत. त्याचं बोलणं मी इथं मराठीत लिहितो.

"बाबू, जाड झालास की," भेटल्या भेटल्या तो म्हणाला. "सोलापुरात माग चालवतोस का नुसता मागच्या खुर्चीत बसतोस?"

"तू तसाच आहेस."

"मी कसला तसाच! दात बघ. चार राहिलेत. चारही वेगवेगळ्या बाजूंना."

ठेंगण्या स्टुलांवर बसून आम्ही चहा प्यालो. तिथं चहाबरोबर चहाचीच पानं खातात. मुरवलेली हिरवी पानं, त्यात तीळ, तळलेले शेंगदाणे आणि लसूण. शेंगदाण्यांवर वाढलेल्या सोलापूरकराला ते पहिल्या घासाला विचित्र लागतं आणि तिसऱ्या घासाला सोडवत नाही. पैसे देताना डावा हात उजव्या कोपराला लावून द्यायचे, ही तिथली रीत मी विसरलो होतो. अप्पय्यानं माझा हात धरून तो नीट लावून दिला, जसा शाळेत पोराचा धरतात.

"आता सांग," तो म्हणाला. "मिन थूच्या आईकडं कशाला जायचंय?"

मी सांगितलं. त्या दिवशी दारात असल्यामुळं मिन थूला गाडीत घालताना त्यानं पाहिलं होतं. कापडाची खूण मी वाचली हे त्याला ठाऊक नव्हतं. तो बराच वेळ रिकामा पेला फिरवत राहिला.

"उद्या बोटीवर बोलू," एवढंच म्हणाला.

नदी

नदीवर बोट निघाली तेव्हा आठ वाजले असतील. पाणी चहाच्या रंगाचं. थंडीत लांबून आलेले पांढरे पक्षी बोटीच्या मागं लागतात, लोक त्यांना कुरकुरीत शेव टाकतात आणि ते हवेतच झेलतात. मी तिथली लुंगी नेसलो होतो. घरी मी लुंगी नेसतोच, म्हणून मला अभिमान होता. पण तिथली लुंगी गोल शिवलेली असते आणि गाठ निराळी. नदीच्या मधोमध वारा आला आणि माझी गाठ सुटली. एका हातात पिशवी, एका हातात कठडा. शेजारची भाजीवाली बाई एवढी हसली की तिच्या टोपलीतली वांगी घरंगळली. अप्पय्यानं मागून लुंगी धरली आणि पुटपुटला, "सरकार आधीच लोकांचं सगळं ओढून घेतंय, तू स्वतःहून कशाला देतोस?"

आम्ही दोघंही हसलो. मग त्यानं आवाज उतरवला.

"ऐक. ती म्हातारी सुखात आहे. पोरगा डोंगरात आहे असं तिला वाटतं. सरहद्दीवर. पुष्कळ पोरं पळून तिकडं गेलीत, सैन्याशी लढायला. तिला वाटतं, तोही."

"तिला कुणी सांगितलं?"

"मी."

पक्षी कर्कश ओरडत होते. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"ती तीन दिवस दारात बसली होती. समोर बंदुका. उठेना. तिलाही उचलून नेलं असतं. मी जवळ गेलो आणि म्हणालो, अमे, तो डोंगरात गेला, जाताना मला सांगून गेला, तू घरी जा. तेव्हा उठली. ती त्यावर जगतीये, बाबू. तू ते मोडायला आलायस."

अमे म्हणजे आई. तिथं मोठ्या बाईला कुणीही अमे म्हणतं.

"मी खरं सांगायला आलोय," मी म्हणालो.

"तिच्यासाठी का तुझ्यासाठी?"

पलीकडचा किनारा धुक्यातून बाहेर येत होता.

"सांग तू," अप्पय्या म्हणाला. "पण भाषा माझी आहे."

अमेचं घर

किनाऱ्यापासून तीनचाकीनं तासभर. दोन्ही बाजूंना भातखाचरं, खाचरांत पाणी, पाण्यात आभाळ. सोलापूरच्या माणसाला एवढं पाणी बघून मत्सर वाटतो आणि थोड्या वेळानं भीती वाटते, कारण कडक जमीन कुठं दिसतच नाही. घरं खांबांवर उभी. अमेचं घर बांबूचं, आणि घराखाली सावलीत तिचा हातमाग. सुताचा आणि खळीचा वास मला रस्त्यातूनच आला. डोळे मिटले असते तर मी भवानी पेठेतच होतो.

ती लहानखुरी बाई. मला बघताच तिनं विचारलं, "जेवलास का?" तिथं हाच नमस्कार. आपल्याकडंही दारात आलेल्या माणसाला पहिल्यांदा हेच विचारतात. अप्पय्यानं माझी ओळख करून दिली, मुलाच्या कारखान्यातला मास्तर. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि तळवे उलटे करून बघितले. बोटांवरचे सुताचे जुने व्रण बघून मान हलवली. विणकर विणकराचे असेच बघतो.

जेवणात भात, डाळीचं आंबट वरण आणि अंबाडीची भाजी. अंबाडी! आमच्या घरी तिला पुंडीपल्ल्या म्हणतात. मी तीनदा मागून घेतली. ती खूश झाली.

जेवल्यावर मी पाठ ताठ केली आणि सांगायला सुरुवात केली. टेबल, लाल कापड, चार धागे, माझं 'छाउ'. गाडी. दारात बसलेली ती आणि बसमधला मी. थांबत थांबत मी सगळं बोललो. अप्पय्या ऐकत होता. मी थांबल्यावर त्यानं तिला सांगितलं. दोन वाक्यं. फार तर तीन.

ती हसली. माझा खांदा थोपटून तिनं माझ्या पेल्यात चहा ओतला.

त्यानं काय सांगितलं हे मला त्याच क्षणी कळलं. आणि इथं जे लिहायचं ते लिहिणं सगळ्यांत अवघड आहे. मला बरं वाटलं. सोलापूरहून निघालो ते ज्यासाठी, ते मी बोलून टाकलं होतं आणि कुणाला काही लागलं नव्हतं. एवढ्या लांब येऊन मी माझं ओझं एका म्हाताऱ्या चहावाल्याच्या पोटात ठेवलं होतं, आणि मला चक्क झोप येऊ लागली.

अमेनं बांबूच्या माचावर चटई टाकून दिली. मी आडवा झालो. घराच्या मागच्या खांबांना कालव्याचं पाणी लागून डुचमळत होतं. ती मागावर बसली. खट, खट, खट. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. त्या आवाजात मी लहान झालो, पेठेतल्या आमच्या गल्लीत आलो, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना सगळी घरं पाण्यावर उभी होती. प्रत्येक दारात कुणी ना कुणी बसलेलं होतं. मी बसमधून चाललो होतो आणि पडदा ओढायला गेलो तर पडद्याला शेवटच नव्हता, मी नुसता ओढतच होतो.

जागा झालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ती माझ्याजवळ बसली होती. मांडीवर जाड सुती शालींची चळत.

"ती म्हणते," अप्पय्या माझ्याकडं न बघता बोलू लागला, "दर थंडीला एक विणते. डोंगरात गार असतं. तू परदेशी माणूस, तुला कुठंही जाता येतं. सरहद्दीकडं जाणाऱ्या कुणाच्या हाती देशील का?"

तिनं वरची शाल उलगडून तिचा शेवट मला दाखवला. चार पोपटी धागे. तिनं स्वतःच्या छातीला हात लावला, मग दूर कुठं तरी बोट केलं.

"ही त्याची खूण," अप्पय्या म्हणाला. "त्यानं घरी येऊन शिकवली होती. माझ्या मास्तरनं दिलीय, म्हणाला होता."

मी अप्पय्याला म्हणालो, "सांग तिला."

"नाही."

"अप्पय्या, सांग."

"मारून टाक मला. नाही सांगणार."

मग मी शाल घेतली. माचावर पसरली, जशी तपासणीच्या टेबलावर पसरतात. दोन्ही तळव्यांनी सुरकुत्या काढल्या. उलटी केली. धाग्यांवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणालो, "छाउ." माझ्या छातीवर हात आपटला. मी. पुन्हा धाग्यांवर बोट. "छाउ. मिन थू." सैनिकाला तिथं सित्ता म्हणतात, तेवढा शब्द मला येत होता. "सित्ता," मी म्हणालो. माझे दोन्ही हात पाठीमागं नेऊन मनगटं एकावर एक ठेवली आणि तसाच चार पावलं चाललो, घराच्या दारापर्यंत. दारात थांबलो. वळून बघायचं धैर्य झालं नाही.

कालव्यातून एक होडी गेली, तिच्या लाटा खांबांना लागल्या आणि विरल्या.

मग ती अप्पय्याशी बोलली. एकच वाक्य, हळू.

"काय म्हणाली?"

अप्पय्यानं सांगितलं, "म्हणते, आता हा जे बोलेल ते सगळं सांग. एक शब्द गिळलास तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

मी दुपारचं सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी माझी वाक्यं आणि त्याची वाक्यं सारख्याच लांबीची होती. ती रडली नाही. तिनं विचारलं, किती वाजले होते? दहाच्या आसपास. अंगात काय होतं? करडा सदरा, बाह्या दुमडलेल्या. मारलं का? माझ्यासमोर नाही. मग तिनं विचारलं, "माग?"

"काय?"

"ती विचारते, त्याला नेलं तेव्हा त्याचा माग चालूच होता का?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. पण मला दिसलं. एकानं त्याचा दंड धरला होता, आणि त्यानं दुसरा हात लांब करून दांडा ओढला होता.

"नाही," मी म्हणालो. "जाताना त्यानं बंद केला. धागा तुटू दिला नाही."

तिनं मान हलवली. मग माझ्याकडं नीट बघून काही म्हणाली.

"म्हणते, बसचा पडदा ओढणारा तूच. तुला तिनं तेव्हाच बघितलं होतं."

मी खाली वाकलो. तिथल्या रीतीप्रमाणं कपाळ जमिनीला टेकवलं. तिनं उठवलं नाही आणि दूरही केलं नाही. ती अप्पय्याकडं वळली होती. आता तिचा आवाज चढला आणि अप्पय्याला स्वतःला पडणाऱ्या शिव्या स्वतःच मला सांगाव्या लागल्या.

"म्हणते, चार दातांच्या लबाडा. म्हणते, एवढी वर्षं मी डोंगराकडं तोंड करून दिवा लावला, आणि माझा पोरगा ह्या नदीच्या पलीकडं. बोटीनं जाऊन येण्याएवढा जवळ."

"अमे, बंदुका होत्या," अप्पय्या मध्येच तिला म्हणाला, आणि तेही त्यानं मला सांगितलं. "तू उठत नव्हतीस."

"मग हाताला धरून उठवायचं होतंस! फसवलंस कशाला?"

"तू उठली असतीस का?"

मग मडक्यातून डाळ काढून तिनं सुपात घेतली आणि ते सूप माझ्यापुढं सरकवलं.

"निवड, म्हणते," अप्पय्या म्हणाला. "उद्या तुरुंगावर जायचंय. त्याला मसूरडाळीचे वडे आवडतात."

मी शिवी खायला गेलो होतो, किंवा माफी मिळवायला. अंधार पडायच्या आत बोट गाठायची होती, तोवर मी खडे निवडत बसलो.

दाराशी

शहराच्या उत्तरेला मोठा तुरुंग आहे. उंच भिंत, बाहेर पत्र्याची शेड, शेडमध्ये एक खिडकी. कैद्यांना डबा द्यायला आलेली माणसं रांगेत बसतात. बहुतेक बाया. आपल्या कचेरीच्या खिडकीशी असतो तसा गोंगाट नाही, ढकलाढकली नाही. प्रत्येकीच्या मांडीवर डबा, डब्याला चिकटवलेली नावाची चिठ्ठी. सकाळच्या धुक्यात ती रांग एखाद्या देवळाबाहेरची वाटत होती. अमे पहाटेच्या बोटीनं वडे घेऊन आली होती. तिनं ठेवणीतली लुंगी नेसली होती आणि केसांत एक पांढरं फूल खोवलं होतं.

अप्पय्यानं मला कोपऱ्यात घेतलं. "आज मी शब्दाला शब्द सांगणार आहे. पण तू आधी विचार कर. पासपोर्ट तुझा आहे. इथून लांब त्या झाडाखाली उभा राहिलास तरी कुणी तुला काही म्हणणार नाही. तीसुद्धा नाही."

मला सुमन आठवली, घर आठवलं. खोटं कशाला सांगू, झाडही बघून ठेवलं. मग अमेचा नंबर आला आणि मी तिच्यामागं जाऊन उभा राहिलो.

खिडकीत तरुण कारकून होता. त्यानं नाव विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं जाडजूड वही चाळली.

"ह्या नावाचा इथं कुणी नाही."

"असेल. नीट बघ."

"आजी, वहीत नाही म्हणजे नाही. अटक झाली असती तर वहीत असतं. तुझा पोरगा पळून गेला असेल. पुष्कळ पळालेत."

"पळाला नाही. कारखान्यातून धरून नेला. सकाळी दहाला. माग बंद करून गेला."

"कोण म्हणतं?"

तिनं मागं वळून बघितलं. तिच्या नजरेत विनंती नव्हती. शेडच्या पत्र्यावरून दव ठिबकत होतं.

मी खिडकीशी गेलो. "मी म्हणतो," मी म्हणालो आणि अप्पय्यानं ते सांगितलं. "मी तिथला मास्तर होतो. माझ्यासमोर नेलं. कुणाचं कापड ते मीच सांगितलं होतं."

कारकुनानं माझ्याकडं बघितलं, मग मागच्या बंद दाराकडं. त्यानं पासपोर्ट मागितला. मी दिला. डावा हात उजव्या कोपराला लावून. माझं नाव त्यानं एका कागदावर उतरवलं. मग, का कुणास ठाऊक, तो थोडा वेळ पेन नुसतं धरून बसला आणि ती जाड वही पुन्हा उघडून तिच्या शेवटच्या पानावर त्यानं एक ओळ लिहिली. अमे वाकून, बोटानं अक्षरं लावत वाचत होती. मुलाचं नाव होतं, आणि पुढं, कारखान्यातून, सकाळी दहा. चार वर्षांत सरकारी कागदावर तो पहिल्यांदाच कुठं तरी होता.

ह्याचं पुढं काय झालं विचाराल, तर निघताना विमानतळावर मला एका खोलीत दीड तास बसवून ठेवलं. कुणी काही विचारलं नाही. मग सोडलं. त्या दीड तासात मी किती भ्यालो ते सांगत नाही. ज्यांना सोडत नाहीत त्यांची ती सुरुवात असते.

त्या सकाळी कारकुनानं डबा आत घेतला. आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. धुकं विरलं, ऊन आलं, बाया एकेक करून रिकाम्या हातांनी जाऊ लागल्या. रिकामे हात म्हणजे डबा पोचला. दोन तासांनी आतल्या शिपायानं आमचा डबा आणून अमेसमोर ठेवला. चिठ्ठी तशीच, दोरीची गाठ तशीच.

अप्पय्या रडायला लागला. मी कुठं बघावं हे मला कळेना. अमेनं दोरी सोडली, तिची नीट गुंडाळी करून कमरेला खोचली, झाकण काढलं आणि आमच्या दोघांच्या हातांवर दोन-दोन वडे ठेवले. स्वतः एक घेतला. चावता चावता ती अप्पय्यावर काहीतरी खेकसली आणि माझ्याकडं हनुवटी करून बोलत राहिली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

अप्पय्यानं नाक पुसलं. "म्हणते, गार व्हायच्या आत खा. उद्या दुसरा तुरुंग आहे, तिकडं ताजे करून न्यायचेत. आणि तुझं विमान परवाचं आहे ना. म्हणजे उद्या तू आहेस."